मुरलेली वाइन आणि जिभेची साक्ष

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की इतिहासाच्या मालिकेत ही वाइन कुठून आली? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो. इतिहासाच्या अभ्यासकाला रोज एक काम करावं लागतं. समोर आलेला कागद अस्सल की बनावट, हे ठरवायचं. आपल्याकडे वतनाच्या भांडणांत बनावट महजर, बनावट सनदा किती निघाल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. कागद, शाई, मोडीचं वळण, शिक्का, नावं, तिथी, सगळं तपासावं लागतं. आता अशी कल्पना करा, की तपासायची वस्तू कागद नाही, तर बाटलीतला दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा द्रव आहे. आणि ती तपासण्याचं मुख्य साधन म्हणजे माणसाची जीभ. ही जीभ कशाची साक्ष देऊ शकते आणि कशाची नाही, एवढाच आजचा विषय. गोष्ट फ्रान्समधल्या रेड वाइनची आहे, त्यातही मुख्यतः बोर्दोची.

सुरुवात 'मुरणं' या शब्दापासून करू. इंग्रजीत पिकणं आणि मुरणं दोन्हींना एकच शब्द लावतात. आपल्याकडे आंबा पिकतो आणि लोणचं मुरतं. वाइनच्या बाबतीत मुरणं हाच शब्द बरोबर आहे, कारण इथेही बाहेरून काही येत नाही, आतल्याच गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसतो.

बोर्दोची रेड वाइन नवी असताना काही लोकांना अगदी पिववत नाही. काबर्ने सोव्हिन्यों नावाच्या द्राक्षाची साल जाड, दाणा लहान. रस सालीसकट आंबवतात, त्यामुळे सालीतलं आणि बियांतलं टॅनिन रसात उतरतं. टॅनिन म्हणजे तोच तो तुरटपणा, जो हिरड्यात असतो, कच्च्या केळ्यात असतो. हिरडा चघळला की तोंडाला जशी कोरड पडते, तशी या नव्या वाइननेही पडते. मग बाटलीत वर्षं जातात. टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना चिकटत मोठे होत जातात, त्यांतले काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणाची धार बोथट होते. रंग जांभळट असतो तो गडद लाल, मग विटकरी होत जातो. वासातलं ताजं फळ मागे सरतं आणि चामडं, तंबाखू, अळंबी, पावसात भिजलेला पालापाचोळा असे वास वर येतात. या वासांचं वर्णन करणारी भाषा बरीचशी इंग्रजांनी घडवली, म्हणून तिच्यात सिगारच्या पेट्या आणि शिसपेन्सिलीचं लाकूड सारखं येतं. आपल्याकडच्या माणसाने ती भाषा घडवली असती तर सागवानी संदुकीचा वास आला असता, जुन्या पोथ्यांच्या कपाटाचा आला असता. असो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. जुनी वाइन चांगली, ही समजूत आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. रोमन लोक काही वाइन्स दीर्घकाळ ठेवत, हे खरं. इसवी सनपूर्व १२१ सालची एक प्रसिद्ध वाइन दोनशे वर्षांनी मधासारखी घट्ट झाली होती, असं प्लिनीने नोंदवलं आहे. पण मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडला जी वाइन जायची ती पिंपांतून, आणि पिंपात हवा शिरते. वर्षभरात वाइनचा सिरका व्हायची भीती. त्यामुळे नवी वाइन बंदराला लागली की जुनीचा भाव पडायचा. आज लिलावात दिसतं त्याच्या अगदी उलट! हे बदललं ते सतराव्या-अठराव्या शतकात. इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत काचेच्या बाटल्या होऊ लागल्या. मग बुचाची जोड मिळाली. पुढे बाटलीचा आकार असा सरळ झाला की ती आडवी ठेवता येऊ लागली, आणि आडव्या बाटलीत बूच ओलं राहतं, फुगलेलं राहतं, हवा अडवतं. म्हणजे 'मुरलेली बोर्दो' ही वस्तू द्राक्षाने जितकी घडवली तितकीच काच आणि बूच यांनी घडवली.

आता जीभ या गोष्टीत कधी आली ते पाहू. १६६३ साली लंडनमधला एक सरकारी अधिकारी, सॅम्युएल पीप्स, आपल्या रोजनिशीत लिहितो की एका खानावळीत आपण ओ-ब्रियों नावाची फ्रेंच वाइन प्यायलो, आणि तिची चव चांगली तर होतीच, पण वेगळीच होती. नावाचं स्पेलिंग त्याने मन मानेल तसं केलंय. पण नोंद महत्त्वाची आहे, कारण एका विशिष्ट मळ्याच्या वाइनला स्वतःची ओळखू येणारी चव असते, हे कुणीतरी कागदावर आणलं. तोपर्यंत वाइन म्हणजे अमुक बंदराची, अमुक प्रांताची.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, मे १७८७मध्ये, टॉमस जेफरसन बोर्दोला गेला. तेव्हा तो फ्रान्समध्ये अमेरिकेचा वकील होता, वकील म्हणजे पेशवाईतल्या अर्थाने. त्याने चार मळे सर्वांत वरचे म्हणून नोंदवले: मार्गो, लातूर, ओ-ब्रियों आणि लाफीत. (लातूर म्हणजे आपलं लातूर नव्हे, नाहीतर उद्या मला फोन येतील.) जेफरसनची आणखी एक सवय पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. मधल्या हातांत भेसळ होते असं त्याचं मत, म्हणून तो थेट मळ्याच्या मालकाला पत्र लिहून वाइन मागवायचा. आणि तो काटेकोर हिशेबनीस होता. काय घेतलं, कितीला घेतलं, कुणाकडून घेतलं, सगळं लिहून ठेवायचा.

मग येतं १८५५. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला मोठं प्रदर्शन भरवलं, आणि बोर्दोच्या व्यापारी मंडळाने तिथल्या दलालांना सांगितलं की आमच्या वाइन्सची प्रतवार यादी करून द्या. दलालांनी १८ एप्रिलच्या पत्रासोबत ती दिली. पाच प्रती, आणि पहिल्या प्रतीत जेफरसनचेच चार मळे. ही यादी आज जवळपास तशीच चालते. पहिल्या प्रतीत नंतर फक्त एक भर पडली, १९७३मध्ये मूतों. आता प्रश्न असा, की दलालांनी ही यादी करताना कितीशा वाइन्स चाखल्या असतील?

एकही नाही. म्हणजे यादीसाठी म्हणून चाखण्याचा कार्यक्रम झालाच नाही. त्यांनी वह्या उघडल्या. वर्षानुवर्षं कुठल्या मळ्याची वाइन काय भावाने गेली, ते पाहिलं आणि त्या क्रमाने नावं लावली. मला हे फार आवडतं. जगातली सर्वांत प्रसिद्ध वाइन-प्रतवारी ही जिभेची नाही, ती खतावणीची आहे. दलालांना आपल्या जिभेची मर्यादा ठाऊक असावी. एका दुपारची चव कशाला मोजायची, दहा-वीस वर्षांचा बाजारभाव म्हणजे हजार जिभांची बेरीज, असा तो व्यवहारी विचार. तो अगदीच चुकीचा नव्हता.

जुन्या वाइनची पद्धतशीर परीक्षा आणि तिच्या लिखित नोंदी हे मात्र बरंचसं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम. १९६६मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघराने वाइनचा विभाग पुन्हा उभा केला आणि त्यावर मायकेल ब्रॉडबेंट या गृहस्थांना नेमलं. हा माणूस इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या सरदारांच्या गढ्या पालथ्या घालायचा, तळघरात उतरायचा, बाटल्या मोजायचा, काही उघडायचा, चाखायचा आणि वहीत लिहायचा. हजारो नोंदी. १९७१मध्ये स्कॉटलंडच्या ग्लॅमिस किल्ल्यातून आलेल्या लाफीतच्या १८७०च्या मोठ्या बाटल्या त्यांनी लिलावात काढल्या. त्या इतकी वर्षं का टिकल्या? तर असं सांगतात, की ती वाइन तरुणपणी इतकी तुरट होती की घरधन्याला आवडलीच नाही, म्हणून तशीच पडून राहिली. आणि शंभर वर्षांनी उघडली तर अप्रतिम! टिकण्याची गंमत अशी असते. चांगली होती ती लगेच पिऊन संपली, नावडती होती ती उरली. इतिहासाच्या कागदांचंही पुष्कळदा हेच होतं.

अशी बाटली समोर आली की जाणकार काय करतो, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पहिली तपासणी बाटली न उघडता होते. वाइनची पातळी कुठे आहे? बुचातून वर्षानुवर्षं थोडी थोडी उडून जाते. पातळी मानेत असेल तर उत्तम. मान संपून जिथे बाटलीचा खांदा सुरू होतो तिथे असली, तर शंभर वर्षांच्या बाटलीला ते चालतं. खांद्याच्याही खाली गेली असेल, तर आत बरीच हवा शिरली आहे आणि आशा कमी. उलट शंभर वर्षांची बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरलेली असेल, तर ते फार चांगलं की संशयास्पद? कधी कधी मळ्याचे लोकच जुन्या बाटलीचं बूच बदलतात आणि भर घालतात, पण मग त्याची नोंद हवी.

दुसरं, बाटली दिवसभर उभी ठेवायची, म्हणजे गाळ खाली बसेल. बूच हळू काढायचं. जुनं बूच चुरा होऊन हातात येतं. मग मेणबत्तीच्या उजेडावर मान धरून वाइन दुसऱ्या भांड्यात सावकाश ओतायची, आणि गाळाची पहिली काळी रेघ मानेत दिसली की थांबायचं. पेला पांढऱ्या कागदावर कलता करून कडेचा रंग पाहायचा. मधला भाग लाल आणि कड विटकरी, हे वयाचं लक्षण. सगळीच तपकिरी असेल तर कारभार आटोपलेला. मग वास, मग घोट. चांगल्या जुन्या वाइनमध्ये तुरटपणा विरघळलेला असतो पण संपलेला नसतो, आंबटपणा तिला ताठ उभं ठेवतो, आणि गिळल्यावर चव बराच वेळ रेंगाळते. सर्वांत शेवटी घड्याळ. फार जुनी वाइन हवेत आली की पंधरा-वीस मिनिटं फुलते आणि मग डोळ्यांदेखत मावळते. काही तर ओतल्या ओतल्या जातात. म्हणून ती वाट पाहत ठेवायची नसते.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, की वा, केवढी शास्त्रशुद्ध पद्धत! आहेच. पण ही पद्धत एका प्रश्नाचं उत्तर देते: ही वाइन जिवंत आहे का, आणि असली तर किती चांगली आहे? 'ही वाइन कुठली, कोणत्या सालची' या प्रश्नाचं उत्तर या पद्धतीत नाही. ते लेबलावरून येतं. आणि मंडळी, सगळा घोळ या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत झाला.

आधी जीभ जिंकली ती गोष्ट सांगतो. २४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-विक्रेत्याने एक चाचणी ठेवली. रेडमध्ये चार बोर्दो आणि सहा कॅलिफोर्नियाच्या वाइन, लेबलं झाकलेली. ज्यांचे गुण धरले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच, आपापल्या क्षेत्रातले दिग्गज. पहिली आली कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ची वाइन, दुसरी मूतों १९७०. फ्रान्समध्ये खळबळ. त्यावर फ्रेंचांचा युक्तिवाद असा, की तुम्ही आमच्या वाइनला तरुणपणीच पकडलंत, कॅलिफोर्नियाची वाइन लवकर खुलते आणि लवकर संपते, आमची मुरायला वेळ लागतो, थांबा आणि मग बघा. युक्तिवाद वाजवी होता. बोर्दोची सगळी प्रतिष्ठा मुरण्यावरच तर उभी आहे.

मग थांबले. २००६ साली, तीस वर्षांनी, त्याच सालांच्या त्याच वाइन्स पुन्हा उघडल्या, लंडनला आणि नापाला एकाच दिवशी. निकाल? पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या. पहिला नंबर रिज मॉन्टे बेलो १९७१चा, आणि मूतों सहावी. मला यातून कॅलिफोर्निया थोर आणि फ्रान्स पडलं असं काही म्हणायचं नाही. दहा बाटल्यांवरून दोन देशांचा न्याय होत नसतो, आणि ती वर्षंही काही बोर्दोची सार्वकालिक सर्वोत्तम नव्हती. मुद्दा वेगळा आहे. लेबल झाकलेलं असताना जिभेने आपल्याच देशाविरुद्ध साक्ष दिली, आणि 'मुरू द्या, मग कळेल' हा दावा तपासता आला. पेल्यात काय चांगलं लागतंय, हे सांगायला जीभ चांगली साक्षीदार आहे.

आता दुसरी गोष्ट. ५ डिसेंबर १९८५, लंडन, क्रिस्टीज. लिलावाला एक बाटली. तिच्यावर काचेतच कोरलेलं: १७८७, लाफीत, आणि खाली इंग्रजीत टीएच आणि जे, ही आद्याक्षरं. म्हणजे टॉमस जेफरसनची बाटली! ती १,०५,००० पौंडांना गेली, तोपर्यंत कुठल्याही एका बाटलीला मिळालेली सर्वांत मोठी किंमत. घेणारं अमेरिकेतलं फोर्ब्स कुटुंब. विकणारा हार्डी रोडेनस्टॉक नावाचा जर्मन संग्राहक. त्याचं म्हणणं, पॅरिसमध्ये एका जुन्या घरात भिंतीआड बंद झालेलं तळघर सापडलं, त्यात अशा अनेक बाटल्या मिळाल्या. घर कुठलं? सांगत नाही. एकूण बाटल्या किती? तेही सांगत नाही.

आपल्यापैकी कुणीही एखाद्या दप्तरात काम केलं असेल तर इथेच त्याचे कान टवकारले असते. पण तेव्हा काय झालं? लिलावघराच्या काचतज्ज्ञांनी बाटली त्या काळाला शोभते असं सांगितलं. आणि अशाच कोरीव अक्षरांची ब्रान-मूतों १७८७ ही बाटली १९८६मध्ये थेट मूतोंच्या वाड्यात, मोठ्या जाणकारांच्या पंगतीत, उघडली गेली. चाखणाऱ्यांना ती विलक्षण वाटली. दोनशे वर्षांची वाइन आणि अजून जिवंत!

इथे थोडं थांबू. त्या टेबलावरची माणसं लबाड नव्हती. ब्रॉडबेंट यांच्यावर तर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्याला काही आधार नाही, आणि पुढे या विषयावर निघालेल्या एका पुस्तकावर त्यांनी इंग्लंडमध्ये दावा लावला तेव्हा प्रकाशकाने माफी मागितली. ही जगातल्या सर्वांत अनुभवी जिभांपैकी काही होत्या. मग त्यांना कळलं कसं नाही?

कारण जीभ फक्त तुलना करते. नाशिकला द्राक्ष खाऊन वाढलेल्या माणसाला यंदाचं द्राक्ष कसं आहे ते एका दाण्यात कळतं, कारण त्याच्याकडे आधीची चाळीस वर्षं आहेत. पण १७८७च्या लाफीतची चव कशी असते, हे १९८५मध्ये कुणाला ठाऊक होतं? जिवंत माणसांत कुणालाही नाही. आणि अठराव्या शतकातल्या वाइन्स ज्या थोड्यांनी चाखल्या होत्या, त्यांनी त्या बऱ्याचशा कुणाच्या पंगतीत चाखल्या होत्या? याच रोडेनस्टॉकच्या. तो मोठमोठ्या चाखण्याच्या मैफली भरवायचा, निमंत्रण मिळणं हा मान समजला जायचा. म्हणजे बघा, नमुनाही त्याचाच आणि मूळ प्रतही त्याचीच. एकाच लेखनिकाने दहा बखरी लिहाव्यात आणि आपण एकीचा पुरावा म्हणून दुसरी दाखवावी, तसं. त्या बाटलीशी ताडून पाहायला दुसरी स्वतंत्र बाटलीच नव्हती.

उलगडा पुढे जीभ बाजूला ठेवल्यावर झाला. बिल कोक या अमेरिकन उद्योगपतीने १९८८मध्ये अशा चार बाटल्या सुमारे ५ लाख डॉलरला घेतल्या होत्या. २००५मध्ये बोस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचा संग्रह मांडायचा होता. संग्रहालयाने साधा प्रश्न विचारला: या बाटल्या जेफरसनच्या कशावरून? मग जेफरसनचं घर असलेल्या मॉन्टिसेलोला विचारणा झाली. तिथल्या अभ्यासकांनी वह्या उघडल्या. तो काटेकोर हिशेबनीस आठवतोय ना? त्याच्या नोंदींत १७८७च्या या बाटल्यांचा पत्ता नाही. आणि एक छान बारकावा. जेफरसन आपलं नाव आखडून लिहिताना टीएचपुढे विसर्गासारखी दोन टिंबं द्यायचा. बाटलीवर एकच टिंब!

कोक यांनी चौकशीसाठी एफबीआयमधून निवृत्त झालेला अधिकारी नेमला. बोर्दोमधल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने बाटली न उघडता सिझियम-१३७ शोधलं. हे किरणोत्सारी मूलद्रव्य निसर्गात नसतं, अणुस्फोटांनंतर ते हवेत आलं आणि द्राक्षांत उतरलं. बाटलीत सिझियम असतं तर वाइन १९४५नंतरची, हे सिद्ध झालं असतं. ते सापडलं नाही. म्हणजे भौतिकशास्त्रही इथे निकाल देऊ शकलं नाही. १९४५च्या आधीची म्हणजे काय १७८७ची नव्हे. शेवटी निकाल दिला तो कोरीवकाम पाहणाऱ्या कारागिरांनी. अठराव्या शतकात काच कोरायची ती पायाने चालवायच्या चाकावर, आणि त्या चाकाच्या रेघेची जाडी-बारीकी एका ठराविक प्रकारे बदलते. या बाटल्यांवरची अक्षरं विजेवर चालणाऱ्या, दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या हत्याराने कोरली होती. २००६मध्ये कोक कोर्टात गेले. रोडेनस्टॉकने आरोप कायम नाकारले. २०१८मध्ये तो वारला.

हे सगळं घडून गेल्यावर बाजार शहाणा झाला असेल असं वाटतं ना? त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये रूडी कुर्नियावान नावाचा तिशीतला तरुण जुन्या बरगंडीचा बादशहा बनला होता. २००६मधल्या एकाच लिलावात त्याच्या तळघरातल्या बाटल्या जवळपास अडीच कोटी डॉलरना गेल्या. या माणसाची जीभ खरोखर तल्लख होती, हे त्याच्या विरोधातले लोकही मान्य करतात. त्याने त्याच जिभेने उलटं काम केलं. मुरलेल्या वाइनची चव कशी लागायला हवी हे ओळखून स्वयंपाकघरात ती तयार केली. कॅलिफोर्नियाच्या स्वस्त वाइन्स, जुन्या पण कमी मोलाच्या फ्रेंच वाइन्स, असं मिश्रण. पोलिसांना घरात हजारो छापील लेबलं सापडली. आणि त्या बाटल्या चाखून लोक खूश झाले, टिपणं लिहिली, पैकीच्या पैकी गुण दिले!

पकडला गेला कशावरून? २००८च्या न्यूयॉर्कमधल्या लिलावाच्या यादीत बरगंडीच्या पोंसो घराण्याच्या क्लो सँ-दनी या मळ्याच्या १९४५पासूनच्या बाटल्या होत्या. घराण्याचे प्रमुख लोराँ पोंसो यांनी यादी वाचली, चाखलं काहीच नाही. त्यांच्या घराण्याने त्या मळ्याची वाइन बनवायलाच १९८०च्या दशकात सुरुवात केली होती. पोंसो थेट लिलावाच्या दालनात जाऊन बसले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. १८५५ला खतावणी, २००५ला जेफरसनच्या वह्या, २००८ला घराण्याचा इतिहास. कुर्नियावानला २०१२मध्ये अटक झाली, २०१४मध्ये दहा वर्षांची शिक्षा.

एवढं ऐकून 'वाइन चाखणं हे सगळं थोतांड' असं म्हणणारे लोक असतात, आणि ते २००१च्या एका प्रयोगाकडे बोट दाखवतात. बोर्दोच्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. प्रयोग खरा आहे. पण त्यावरून जीभ खोटी ठरते, असं मला वाटत नाही. डोळा जिभेच्या आधी बोलतो, आणि बाटलीवरचं नाव डोळ्याच्याही आधी, एवढंच ठरतं. साक्षीदाराला आधीच काय सांगायचं ते पढवलं, तर दोष साक्षीदाराचा किती आणि पढवणाऱ्याचा किती? लेबल झाकून, शेजारी ओळखीच्या चार वाइन ठेवून, जिभेला विचारा, ती पुष्कळ खरं बोलते. पॅरिसमध्ये बोललीच होती.

वेळ होत आलाय. एक-दोन प्रश्न घेऊ.

(प्रश्न: वाइन न चाखता ती चांगली मुरेल की नाही, हे सांगता येतं का?)

चांगला प्रश्न, हे माझ्या टिपणांत होतं आणि राहून गेलं. प्रिन्स्टन विद्यापीठातले ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर हे अर्थशास्त्रज्ञ, स्वतः वाइनचे शौकीन. त्यांनी १९५२ ते १९८० या सालांच्या बोर्दोच्या वाइन मुरल्यानंतर लिलावात कितीला गेल्या ते पाहिलं, आणि त्या त्या सालच्या हवामानाशी ताडलं. हिवाळ्यात भरपूर पाऊस, उन्हाळा गरम, आणि तोडणीच्या वेळी कोरडं, असं वर्ष असेल तर वीस-तीस वर्षांनी भाव जास्त. एवढ्याच गोष्टींवरून त्यांनी समीकरण मांडलं. म्हणजे वाइन पिंपात असतानाच, एक घोट न घेता, ती कशी मुरणार याचा अंदाज. १९९०मध्ये हे वर्तमानपत्रात आलं तेव्हा रॉबर्ट पार्कर या त्या काळच्या सर्वांत प्रभावी परीक्षकाने त्यावर कडाडून टीका केली. त्याचा राग समजण्यासारखा आहे. तोही १०० पैकी गुण देत पिंपातली वाइन चाखून पुढच्या तीस वर्षांचं भविष्यच सांगत होता. फरक एवढाच, की एकजण घोट घेऊन सांगत होता आणि दुसरा पर्जन्यमापक बघून. द्राक्षबागायतदार मंडळी इथे असतील तर त्यांना यात नवल वाटणार नाही. तोडणीच्या तोंडावर अवकाळी आला की काय होतं, ते सांगायला त्यांना समीकरण लागत नाही.

(प्रश्न: ती फोर्ब्सनी घेतलेली बाटली अखेर कुणी प्यायलं का?)

नाही. न्यूयॉर्कला त्यांच्या संग्रहालयात ती जेफरसनच्या इतर वस्तूंबरोबर मांडली होती. उभी, आणि वर प्रखर दिवा. दिव्याच्या उष्णतेने बूच सुकलं, आक्रसलं आणि सुटून आत वाइनमध्ये पडलं.